मटक्यावरचे आरसे

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे कागदावर लिहिलं जायचं ते फक्त काचेचं माप, इतके इंच बाय इतके इंच, तेही काम झालं की चुरगाळून फेकायचं. तेव्हा मी लिहिलेलं कुणी वाचावं असं म्हणायचा मला धीर होत नाही. शिवाय माझं मराठी जबलपूरचं. आजोबा भंडाऱ्याकडून इथे कारखान्यात कामाला आले, तेव्हापासून आम्ही घरात मराठी बोलतो आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. शाळा हिंदीत झाली, कॉलेज हिंदीत चाललं आहे. मराठी वाचायला मी वस्तीतल्या बुद्धविहारातल्या पुस्तकांच्या कपाटापाशी बसून शिकलो. चुका होतील. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की मागच्या वेळी मी जे लिहिलं आणि चारचौघांत वाचून दाखवलं, ते खरं आहे की नाही हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तरी मी ते छातीठोकपणे वाचलं. त्याबद्दलच सांगायचं आहे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला इतिहासाच्या मॅडमनी निबंध दिला होता. बाहेरून आलेली एखादी गोष्ट आपल्या शहरात कशी रुजली, ते शोधा आणि लिहा. कुणी चहा घेतला, कुणी क्रिकेट, दोघांनी चाऊमीन. मी डिस्को घेतला. वर्गात हशा झाला. मी डिस्को का घेतला ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण ते बाबांमुळे होतं.

घमापूरच्या बाजारात बाबांचं काचेचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत काचा उभ्या ठेवायच्या लाकडी खाचा आणि मधोमध जुनी चादर अंथरलेलं टेबल. खिडक्यांची तावदानं, कपाटांचे आरसे, फोटोंच्या फ्रेमा, एवढंच काम. लग्नसराईत समोरून डीजेची गाडी जाते तेव्हा दुकानातल्या सगळ्या काचा एकदम गुणगुणायला लागतात. बाबा हातातलं काम टाकतात, दोन्ही तळहात उभ्या काचांवर टेकवतात आणि गाडी पुढे जाईस्तोवर तसेच उभे राहतात. विहारातल्या गाण्यांना जी ढोलक वाजते तिच्यात एक ठोका जड असतो, एक हलका. त्या गाडीतला ढोल तसा नाही. त्यातले सगळेच ठोके सारखे, सगळेच जड.

एकदा तसेच काचा धरून उभे असताना बाबा म्हणाले, "हा डिस्कोच आहे. नाव बदललं फक्त."

"तुम्हाला काय माहीत डिस्को?" मी हसून विचारलं.

"मले नाही तर कोणाले? जबलपुरात पहिला गोळा म्याच बनवला."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण नीट लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकली.

बाबा विशी ओलांडत होते तेव्हा सिनेमातून डिस्को आला आणि शहराला वेड लागलं. डिस्को चप्पल निघाली, डिस्को लाइट निघाले, दांडियासुद्धा डिस्को झाला. आमच्या वस्तीतल्या पोरांना एप्रिलातल्या जयंतीच्या स्टेजवर तो आरशांचा फिरता गोळा हवा होता. तो मुंबई-कलकत्त्याहून आणावा लागायचा आणि तेवढी वर्गणी जमत नव्हती. बाबा तेव्हा काचेच्या एका जुन्या कारागिराकडे कामाला होते. त्यांनी डोकं लावलं. आपल्याकडे गोल काय आहे? मटका.

पाण्याचा एक मटका घेतला. लोखंड कापायच्या ब्लेडने त्याची मान कापून टाकली. तोंडावर फळीची चकती बसवली आणि तिच्यात आकडा घातला. आरशांच्या उरलेल्या पट्ट्या कापून नखाएवढे चौकोन केले आणि मटक्यावर रांगेने चिकटवले. सुरुवात मटक्याच्या पोटापासून करायची, तोंडापासून केली तर रांगा तिरप्या जातात. तरी मटका काही पुरता गोल नसतो. खाली बुडाकडे रांगा एकमेकींवर चढल्याच, तिथे आरशांचे बारीक तुकडे भरावे लागले. मोटर नव्हती, म्हणून गोळा सुतळीला टांगला आणि पीळ देऊन सोडला. पीळ सुटेस्तोवर तो इकडून फिरायचा, मग उलटा तिकडून. समोर एक फोकस, त्यावर लाल कागद. विहारातली म्हातारी माणसं आजही सांगतात की त्या वर्षी भिंतींवर, झाडावर, लोकांच्या तोंडांवर ठिपके फिरले आणि गाणं संपलं तरी कुणी नाचायचं थांबेना.

हे झालं वस्तीचं. याला साक्षीदार आहेत. पण बाबा पुढे सांगतात की ही बातमी मोठ्या रस्त्यावरच्या एका पार्टी हॉलपर्यंत गेली आणि हॉलवाल्यांनी त्यांच्याकडून तसाच दुसरा गोळा बनवून घेतला. तो हॉल अजून आहे. आता तिथे रिसेप्शन होतात, वाढदिवस होतात. छताला आरशांचा गोळाही आहे. शहरातल्या कितीतरी लोकांनी तो पाहिलेला आहे. बाबा त्या रस्त्याने गेले की मान न वळवता म्हणतात, "माझा हाय वर."

याला मात्र बाबांच्या शब्दाशिवाय काहीच पुरावा नव्हता.

मी वाचायला लागलो. लायब्ररीत थोडं सापडलं, बरंचसं फोनवर. डिस्को अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये जन्मला. मी समजत होतो की चकचकीत, पैसेवाल्या लोकांत जन्मला असेल. तसं नव्हतं. काळे लोक, स्पॅनिश बोलणारे गरीब लोक आणि समलिंगी पुरुष, ज्यांना दुसरीकडे कुणी धड नाचू देत नव्हतं, ते तळघरांत, रिकाम्या गोदामांत जमायचे. वाजवायला बँड परवडत नव्हता, म्हणून तबकड्या. तबकडी संपली की नाच थांबतो, म्हणून कुणीतरी दोन यंत्रं शेजारी-शेजारी ठेवली आणि एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळलं. पुढे सगळ्या जगाने ते उचललं, नंतर तिथेच लोकांना त्याचा राग आला, तबकड्या जाहीरपणे फोडल्या गेल्या, आणि डिस्को मेला असं म्हटलं गेलं. तो मेला नाही. तो एकसारखा ठोका नाव बदलून यंत्रांत शिरला आणि आमच्या दुकानासमोरून जायला लागला. बाबा न वाचता जे म्हणाले होते तेच पुस्तकात निघालं. आरशांचा गोळा मात्र डिस्कोपेक्षा जुना आहे, हेही मला तेव्हाच कळलं. डिस्कोने तो फक्त जगभर नेला.

एक कबुली द्यायला हवी. निबंधात मी "समलिंगी" हा शब्द लिहिला नाही. "इतर काही लोक" असं लिहिलं. वर्गात मोठ्याने वाचायचं होतं आणि मला लाज वाटली. मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून समोर फक्त "कोण?" एवढं लिहिलं. मी पुढच्या खर्ड्यात तो शब्द घातला. ज्यांनी ती जागा तयार केली त्यांनाच मी बाहेर ठेवत होतो, हे मला एका लाल रेघेवरून कळावं लागलं.

वाचनाच्या दिवशी बाबांना यायचं होतं. त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मागच्या बाकावर बसले. मी त्यांच्या मटक्याची गोष्ट वाचली, मग हॉलची. "शहर का पहला डिस्को बॉल एक मटके पर बना था, और वह आज भी घूम रहा है," असं मी वाचलं. टाळ्या पडल्या. बाबा टाळ्या वाजवत नव्हते, दोन्ही हात बाकावर ठेवून बसले होते.

मग मॅडमनी विचारलं, "हॉल वाली बात का कोई प्रमाण है?"

मी म्हणालो, "मेरे पिताजी यहीं बैठे हैं, मैडम."

"अच्छी बात है. पर वो प्रमाण नहीं है, वो दावा है." त्या रागाने बोलल्या नाहीत. निबंध कॉलेजच्या मासिकात घ्यायचा आहे असंही त्यांनी सांगितलं. पण महिनाअखेरपर्यंत हॉलच्या बाजूने कुणीतरी दुजोरा द्यावा, नाहीतर तेवढा परिच्छेद काढावा.

बाहेर आलो तर वर्गातला एक जण ओरडला, "ओए मटका! पानी पिला दे यार!" त्या दिवसापासून माझं नाव मटका पडलं. मला त्याचं फार काही वाटलं नाही. मला वाटलं ते बाबांचं. ते फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "मॅडम काय म्हणून राहिल्या होत्या, दावा म्हणजे?"

"काही नाही बाबा. कागद पाहिजे म्हणतात."

"कागद कुठून आणू? मागच्या दाराशी गोळा देला अन् आलो. त्यांच्या बिजलीवाल्यानं टांगला."

"तुम्ही आत नाही गेले कधी? फिरताना पाहायला?"

"तिथं जोडी लागे, बाईमाणूस संगं. बूट लागे. आणि..." ते थांबले. "रोडवरून पाहिला न. समोर चहाच्या टपरीवर उभं राहिलं की वरच्या झरोक्यातून ठिपके दिसत. किती वर्षं पाहिले."

त्या "आणि"च्या पुढचं मी विचारलं नाही. कुणाला नाचायला आत घेतलं जात नाही, यावर मी नुकताच अख्खा निबंध लिहिला होता, तरी घरच्या माणसाला विचारता आलं नाही.

दोन दिवसांनी मी बाबांना न सांगता हॉलवर गेलो. दुपारची वेळ होती, रिसेप्शनसाठी खुर्च्या लावणं चाललं होतं. मॅनेजर भला होता, आत जाऊ दिलं. पण शिडी देईना. "ऊपर हाथ नहीं लगाना भैया, पुराना माल है." मी खालून मान वर करून पाहत राहिलो. गोळा बंद होता, धूळ बसलेली होती. मी रांगा मोजायचा प्रयत्न केला. त्या सरळ होत्या. वरपासून खालपर्यंत सरळ. बुडाकडे एकही रांग दुसरीवर चढलेली नव्हती.

घरी येताना मी त्या सरळ रांगाच आठवत होतो. बाबा खोटं बोलले असतील असं मला वाटत नव्हतं. आणि तसं वाटत होतंही. पंचवीस जणांसमोर मी जे वाचलं ते आता माझंही खोटं झालं होतं. रात्रीचं जेवण मी नीट केलं नाही. आई म्हणाली, "काहून रे, भाजी गोड नाही लागली?" मी म्हटलं, परीक्षा आहे.

हॉलच्या मॅनेजरकडून एवढं कळलं होतं की जुने बिजलीवाले आता शहरातल्या गढा भागात राहतात. मी तिथे तीनदा गेलो. पहिल्यांदा घर सापडलं नाही. दुसऱ्यांदा कुलूप होतं. तिसऱ्यांदा त्यांची सून भेटली. ते मुलीकडे कटनीला गेले आहेत, कधी येतील ठाऊक नाही, फोन तिकडे लागत नाही, असं तिने सांगितलं. मी वहीचं पान फाडून माझा नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, हॉलच्या आरशांच्या गोळ्याबद्दल विचारायचं आहे. मग मनात आलं, हे वाचून त्या माणसाला वाटेल पोलीस चौकशी आहे. म्हणून परत गेलो आणि त्याखाली "कॉलेज का छात्र" असं लिहून आलो.

त्यानंतर वाट पाहणं. लेक्चरमध्ये फोन मांडीवर ठेवायचो. अनोळखी नंबर आला की वर्गाबाहेर पळायचो. कर्ज हवंय का, असं कुणीतरी विचारायचं. पुस्तक उघडलं की चार ओळींनंतर मी पुन्हा हॉलच्या छताकडे पाहत असायचो. तिकडे बाबा दुकानात येईल त्याला सांगत होते. आरसा घ्यायला आलेल्या एका बाईला मी माझ्या कानांनी ऐकलं, "माझ्या पोरानं कॉलेजात भाषण देलं न माझ्यावर. छापून येऊन राहिलं." बाई म्हणाल्या, "अच्छा! तो भाव कम करो अब, आप तो बड़े आदमी हो गए." बाबा हसले आणि खरंच कमी केला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, तो हॉलचा भाग काढून टाकू का? वस्तीचा मटका आहे न, तेवढा पुरे."

त्यांनी काच कापायचा हिरा खाली ठेवला. "काहून?"

"मॅडम म्हणतात न, पुरावा नाही."

"तू गेला होता का तिथं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"पाहिला? फिरून राहिला होता?"

"बंद होता."

"मंग?"

"काही नाही. दिसला."

त्यांनी टेबलावरचे काचेचे तुकडे एका बाजूला सारले. मग म्हणाले, "येत्या रविवारी आपण दोघं जाऊ. मी सांगतो त्यांना, शिडी लावा. माझ्या हातचं काम मले खालूनही ओळखू येते. मंग तुझ्या मॅडमले सांग." आणि आईला हाक मारून म्हणाले, "तो इस्त्रीवाला शर्ट धुवून ठेव."

तेव्हापासून मला रविवार नको झाला. बाबा त्या हॉलच्या आत आयुष्यात पहिल्यांदा जाणार होते आणि मान वर करून त्या सरळ रांगा पाहणार होते. ते काय बोलतील याचे मी पन्नास प्रकार मनात करून पाहिले. "हाच माझा" म्हणाले तर मी काय करू? आणि नाही म्हणाले तर? एकदा वाटलं मॅनेजरला आधीच सांगून यावं की त्या दिवशी हॉल बंद ठेवा. तेवढ्या खालच्या थराला मी गेलो नाही, पण विचार केला होता.

शुक्रवारी दुपारी मी दुकानात होतो. बाबा एका कपाटाचा आरसा कापत होते. लांब रेघ ओढताना ते श्वास रोखून धरतात, तसे वाकलेले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बेटा, तुम घर आए थे? चिट्ठी छोड़ी थी?"

आवाज म्हातारा होता. मी दुकानाच्या कडेला सरकलो. बाबांना आताशा कमी ऐकू येतं, तरी मी आवाज कमी केला. मी नाव-गाव न सांगता एकदम विचारलं, चाचा, हॉलमधला तो गोळा मटक्याचा आहे का?

"मटके वाला!" ते हसले. हसता हसता खोकले. "अरे वो किसने बताया तुमको? हाँ, था. काँच का काम करने वाला एक लड़का साइकिल पे लाया था, बोरे में लपेट के. दुबला-सा. मैंने ही टाँगा था, मोटर मेरी थी. बड़ा बढ़िया घूमता था."

मला ओरडावंसं वाटलं. पण त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"पर बेटा, वो अब कहाँ. बरसात लगी तो काँच झड़ने लगे. सरेस से चिपकाए थे उसने, सरेस सीलन में टिकता है कहीं? एक मैडम के बालों में टुकड़ा निकला, बड़ा हल्ला हुआ. मालिक बोला, उतारो. मैंने उतार के पीछे फेंक दिया. फिर कलकत्ते से टीन का आया. वही लटका है आज तक."

सरेस म्हणजे आमचा सरस, हाडा-कातड्यांचा उकळून केलेला. वस्तीतला गोळा एप्रिलच्या कोरड्या उन्हात दोन दिवस फिरायचा आणि परत पोत्यात जायचा, म्हणून त्याला कधी काही झालं नाही. हॉलमधल्याला पावसाळा काढायचा होता, हे तेव्हा बाबांच्या डोक्यात आलं नसणार.

"चाचा, उस लड़के को किसी ने बताया नहीं?"

"किसको? काँच वाले को? अरे, कौन बताता बेटा."

मी त्यांना विचारलं, हे तुम्ही आमच्या मॅडमना फोनवर सांगाल का. ते म्हणाले, का नाही. मी आभार मानले आणि फोन ठेवला. आरशावरची रेघ पूर्ण झाली होती. बाबांनी काच टेबलाच्या काठावर घेतली, खालून दोन टिचक्या मारल्या, आणि ती सरळ सुटली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण होता?"

"हॉलचे जुने बिजलीवाले."

त्यांनी हात चादरीला पुसले. "काय म्हणून राहिले?"

पहिलं अर्धं सांगून थांबता आलं असतं. मॅडमला तेवढंच पुरलं असतं, मासिकालाही, आणि रविवारचं काहीतरी कारण काढता आलं असतं. पण मी एकदा अर्धवट माहितीवर छातीठोक बोललो होतो. आणि त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, ऐकू येत नाही तेव्हा ते ओठ पाहतात. म्हणून मी जवळ गेलो आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"बाबा, त्यांनी टांगला होता तो तुमचाच होता. मटक्याचाच. खूप छान फिरायचा म्हणतात. पण पाऊस लागला तसे आरसे सुटले, अन् त्यांनी त्याच वर्षी तो उतरवला. आता वर आहे तो कलकत्त्याचा आहे, पत्र्याचा. नंतर इतकी वर्षं तुम्ही रोडवरून पाहत होते ते ठिपके त्या पत्र्याच्या गोळ्याचे."